पुण्य कोणाच्या खाती?

तमिळ भाषेतील 'कोयिल' या शब्दाचा विग्रह मोठा बोधप्रद आहे. 'को' म्हणजे राजा, 'इल्' म्हणजे घर. संघकाळच्या काव्यात हा शब्द राजवाड्यासाठी आढळतो. पुढे देऊळ हाच त्याचा रूढ अर्थ ठरला. राजाचे घर देवाचे झाले, की देवाच्या घरी राजा राहावयास आला, असा प्रश्न साहजिकच मनात येतो.

संघकाळी सत्तेची कीर्ती कवींच्या मुखी असे. राजे व सरदार भाटांना धन वाटीत. रणात पडलेल्या वीराच्या स्मृतिशिळेची लोक पूजा करीत. पुढे पल्लवांनी सातव्या शतकात कातळात देवळे कोरली, नायन्मार व आळ्वार संतांनी गावोगावच्या दैवतांची पदे गाइली, आणि चोळांच्या काळी ही लोकांची भक्ती व राजाची सत्ता एकाच शिखराखाली आली. तंजावरचे राजराजाने बांधविलेले देऊळ इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण झाले.

या देवळाच्या भिंती म्हणजे दगडी खतावणीच होय. राजाने, त्याच्या वडील बहिणीने व राण्यांनी काय दिले, कोणत्या गावाने देवळाचे द्रव्य साडेबारा टक्के व्याजाने घेतले, हे सारे तेथे कोरलेले आहे. चोळदेशातील इतर देवळांतून आणलेल्या ४०० स्त्रियांची नावे, त्यांची घरे, प्रत्येकीस नेमून दिलेला दरसाल १०० कलम भाताचा वाटा, हेही तेथे आहे. कागदपत्रांत आयुष्य वेचणाऱ्या आम्हां मंडळींना हा काटेकोरपणा पाहून आदरच वाटेल. परंतु या स्त्रियांची इच्छा कोणी विचारली काय, याची नोंद त्यांत नाही. भात पिकविले कुळांनी, आणि दाता ठरला राजा!

राजाने संकल्प केला नसता तर दिवे लागले नसते, शेकडोंचा चरितार्थ चालला नसता, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण संकल्पाचे श्रेय वेगळे आणि द्रव्याचे पुण्य वेगळे. त्याच तमिळ देशात, उत्तरमेरूर येथील इ. स. ९१९ व ९२१ च्या शिलालेखांत, ज्याने समितीवर राहून हिशेब दिला नाही तो व त्याचे आप्त पुन्हा निवडीस अपात्र, असा नियम आहे. गावच्या कारभाऱ्याला जो दंडक लागू झाला, तो राजाला लावणारे कोणी नव्हते.

आपलेही हात यातून मोकळे नाहीत. तंजावरच्या त्याच देवळाच्या भिंतीवर इ. स. १८०३ मध्ये, सरफोजीराजांच्या कारकिर्दीत, भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरला गेला. राज्य कोणाचेही असो, देवाच्या भिंतीवर आपले नाव असावे असे सत्तेला वाटतेच.

आम्हांस वाटते, परक्याच्या श्रमाचे द्रव्य ज्याच्या हातून जाते तो त्याचा दाता नव्हे, केवळ वाहक होय. राजाला हे मानवले नसेल. पण जनतेच्या पैशाच्या मंजुरीवर रोज सही करणाऱ्या आपणांस ते विसरून कसे चालेल?