कमरेचा पट्टा आणि मनाचा आवर

मनुष्याने स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगावे की नाही, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु जो बाळगतो त्याला आपण साह्य करावे की नाही, आणि केल्यास त्या शस्त्राच्या बऱ्यावाईट कृत्यात आपला वाटा किती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. गतवर्षी तो मला अकस्मात् विचारावा लागला. पुजाऱ्याचा मुलगा आणि बारावीपर्यंत शिकलेला मी, माझा अधिकार अल्प आहे. तरीही अनुभव घडला तो वाचकबंधुभगिनींपुढे ठेवावा असे वाटते.

आमच्या नात्यातील एक काका केळीचे बागाईतदार आहेत. केळीच्या पट्टीचे पैसे घेऊन बुऱ्हाणपूरहून तुकईथडला परतताना एकदा अंधारात त्यांची गाडी कोणी अडविली. जीव वाचला, पण मनात भय बसले. पुढे रीतसर अर्ज करून त्यांनी परवाना मिळविला व एक रिव्हॉल्व्हर घेतले. एके दिवशी ते म्हणाले, “अरे, चल माझ्याबरोबर बुऱ्हाणपूरला. साध्या पट्ट्यावर हे ठरत नाही, एक बळकट पट्टा पाहू.”

चामड्याचे काम करणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे आम्ही गेलो. त्याने काकांच्या जुन्या पट्ट्याकडे पाहूनच मान हलविली. पट्टा मऊ व अरुंद असला की शस्त्राच्या भाराने तो एका बाजूस झुकतो, होल्स्टर बाहेरच्या अंगास कलते, मूठ सदऱ्याखालून दिसू लागते, आणि वाकताना वा धावताना शस्त्र निसटण्याचा संभव असतो, असे त्याने समजाविले. म्हणून पट्टा दीड इंच रुंद, दुहेरी चामड्याचा, कडेने शिवलेला असावा. होल्स्टरच्या पट्टीत तो घट्ट बसावा आणि होल्स्टरने घोडा पूर्ण झाकावा. शेवटी तो एक वाक्य बोलला, ते अद्याप माझ्या कानांत आहे : “मालक, पट्टा असा हवा की वजन कंबरेला काचू नये, पण कळत राहावे.”

कायद्याचेही म्हणणे याहून फारसे निराळे नाही. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल नेताना ते अंगाशी बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या पक्क्या ताब्यात असले पाहिजे. 2019 च्या दुरुस्तीने लग्नकार्यात हर्षाने गोळ्या झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. अर्थात् शस्त्र हे मिरविण्याचे भूषण नव्हे, हे कायद्यानेही मानले आहे. आपल्याच खकनार तहसिलीतील पाचोरी गावाचे नाव बेकायदा पिस्तुलांच्या संदर्भात वर्तमानपत्रांत वारंवार येते. त्यावरून तेथील सर्वांनाच दोषी मानणे अन्यायाचे होईल. परंतु शस्त्र किती सहज हाताशी येऊ शकते हे आपणांस दूर जाऊन शिकावे लागत नाही, एवढे खरे.

पट्टा घेतला. काही आठवड्यांनी बाजाराच्या दिवशी गाडी उभी करण्यावरून काकांचा एका तरुणाशी वाद झाला. शब्दाने शब्द वाढला. मी शेजारीच उभा होतो. काकांचा उजवा हात सावकाश सदऱ्याखाली गेला. क्षणभरच, मग तो हात तसाच परत आला. त्या तरुणाला काहीच कळले नाही. मला मात्र दरदरून घाम फुटला. तो पट्टा मीच निवडला होता.

त्या रात्री मी स्वतःस विचारले : हे साह्य पुण्याचे की पापाचे? वस्तुतः दुबळा पट्टा राहता तर घरात, बाजारात, लहान मुलांच्या देखत शस्त्र पडून अनर्थ होण्याचे भय होते. परवाना असलेले शस्त्र सुरक्षित राहावे यासाठी केलेले साह्य निंद्य ठरत नाही. परंतु चांगल्या पट्ट्याचा एक दोषही आहे. तो भार इतका सफाईने वाहतो की मनुष्याला भाराचा विसर पडतो; आणि ज्याचा विसर पडला ते क्रोधाच्या क्षणी विचारावाचून हाती येते. कारागिराच्या बोलण्याचा खरा अर्थ मला तेव्हा उमगला.

कोणी म्हणेल, शिवछत्रपतींनीही प्रतापगडाच्या भेटीत शस्त्र लपविले होतेच ना? होय. 10 नोव्हेंबर 1659 च्या त्या भेटीत अंगरख्याखाली चिलखत होते व हाती वाघनख होते, असे बखरी सांगतात. पण तो शत्रू ठाऊक होता, प्रसंग ठाऊक होता, आणि राज्य व रयत यांचे रक्षण हा हेतू होता. एका दिवसासाठी, एका कार्यासाठी घेतलेले ते शस्त्र होते. आपण मात्र रोज, अज्ञात शत्रूसाठी, प्रत्येक भेटीत ते नेतो. मग भेटणारा प्रत्येक जण किंचित् शत्रूसारखा दिसू लागतो. याच्या उलट पांडवांचे पाहा. अज्ञातवासात त्यांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली व निःशस्त्र होऊन विराटनगरीत शिरले. ज्याला शस्त्र उतरविता येते, त्यालाच ते धारण करण्याचा अधिकार पोचतो, असे मला वाटते.

2014 साली कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने स्त्रियांसाठी सुमारे पाचशे ग्रॅम वजनाचे एक रिव्हॉल्व्हर काढले व त्यास ‘निर्भीक’ असे नाव दिले. हेतू चांगलाच होता. परंतु गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून आरंभ होते, आणि ते अभय पाचशे ग्रॅम धातूत मावणारे नव्हे. शस्त्र भयाला थोपवून धरील. भय नाहीसे करणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

2024 च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात काकांनी आपले शस्त्र पोलीस ठाण्यात जमा केले. निवडणूक आटोपल्यावर ते परत आणावयास मीच त्यांच्यासोबत गेलो. वाटेत ते आपण होऊन म्हणाले, “त्या दिवशी बाजारात माझा हात कुठे गेला होता ते तू पाहिलेस, ठाऊक आहे मला. इतके दिवस कंबर मोकळी होती. भय काही वाढले नाही, आणि भांडण मात्र एकही झाले नाही.” मी उत्तर दिले नाही. वडीलधाऱ्यांस उपदेश करण्याचे माझे वय नव्हे.

आता पैसे आणावयाचे असतील त्याच दिवशी ते पट्टा बांधतात. एरव्ही शस्त्र घरी कुलुपात असते. मला कोणी पुन्हा पट्टा निवडावयास नेले, तर मी जाईन. दुहेरी चामडे, दीड इंच रुंदी, पक्की शिवण, सारे पाहीन. पण त्याआधी एक प्रश्न विचारीन : “हा पट्टा आपण सोडणार केव्हा?” ज्याच्यापाशी याचे उत्तर नाही, त्याच्यासाठी बाजारातला कोणताही पट्टा पुरेसा बळकट नाही.