सरवा

आजचं वचन : रूथ, अध्याय २



आजच्या अध्यायातला एक शब्द आपल्यापैकी बऱ्याच जणांनी फक्त पवित्र शास्त्रातच वाचला असेल : सरवा. पीक कापून नेल्यावर शेतात जी कणसं, जे दाणे मागे पडून राहतात, तो सरवा. माझ्या आजीने श्रीरामपूरकडे लहानपणी गव्हाचा सरवा वेचलाय. ती सांगते, कंबर तर दुखतेच, पण त्याहून जास्त त्रास असतो तो कोणीतरी "ए, कोण गं तू?" म्हणून हटकेल याचा.

रूथला नेमकं हेच विचारलं जातं. बवाज शेतावर येतो आणि मुकादमाला म्हणतो, ही मुलगी कोणाची? मुकादम तिचं नावसुद्धा सांगत नाही. नामीबरोबर आलेली ती मवाबी, एवढीच तिची ओळख. पुढे तो म्हणतो, तिने विचारून वेचायला सुरुवात केली आणि सकाळपासून ती उभीच आहे.

मला या "विचारून"पाशी थांबायचंय. लेवीयच्या १९व्या अध्यायात देवाने इस्राएलाला सांगितलं होतं की शेत पार कडेपर्यंत कापू नका, खाली पडलेलं उचलू नका, ते गरिबाचं आणि उपऱ्याचं आहे. म्हणजे रूथचा त्या सरव्यावर हक्क होता. ती विधवा होती, गरीब होती, परकी होती. तरीही ती परवानगी मागते, आणि मागते ती मालकाकडे नाही, तर रोज ते शेत सांभाळणाऱ्या माणसाकडे.

मी माणमध्ये राहते. तिसऱ्या फेजमध्ये नोकरी, पीजीत एक कॉट, एक कपाट. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोचं एक टोक आमच्याकडे आहे. इथल्या जमिनींवर आता काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांत काम करणारे माझ्यासारखे बहुतेक सगळे बाहेरून आलेले. उपरेपण इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. जूनपासून मी दर शनिवारी मुलींच्या एका ख्रिस्ती बालगृहात जाते. त्याचं नाव लिहीत नाही आणि फोटोही टाकणार नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमानुसार अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही. पण कायदा नसता तरी मला वाटतं, कोणाच्या घरी जाऊन आपण त्यांच्या झोपायच्या खोलीत सेल्फी काढत नाही. ते त्यांचं घर आहे. (डिसेंबरात केक आणि एकसारखे टी-शर्ट घालून येणारे ग्रुप वाईट नसतात हो. फक्त जानेवारीत ते कुठे असतात, हा प्रश्न मुलींनाही पडतो.)

सेवेला निघताना आपण मनातल्या मनात बहुधा बवाजाची जागा घेतो. आपल्याकडे काहीतरी आहे, ते द्यायला चाललोय. गिटार, इंग्रजी, गणित, कोडिंग. पण नव्याने आलेल्या माणसाची जागा या अध्यायात एकच आहे, आणि ती रूथची आहे. शेत दुसऱ्यांचं आहे. कापणारे आधीपासून तिथे आहेत. पाणी कोणी भरून ठेवलंय, सावलीला खोप कुठे आहे, जेवायला कधी बसतात, हे सगळं त्यांना माहीत आहे आणि आपल्याला नाही.

पंडिता रमाबाईंची आठवण इथे मला नेहमी येते. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीने गेलं की केडगाव लागतं, तिथलं त्यांचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. ती जमीन रमाबाईंनी मुळात शेतीसाठी घेतली होती, १८८९मध्ये मुंबईत सुरू केलेल्या आणि नंतर पुण्याला आणलेल्या शारदा सदनाला उत्पन्न मिळावं म्हणून. मग १८९६-९७चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. शेताचंच घर झालं. त्या कुठल्या उंचीवरून खाली वाकल्या नव्हत्या. त्यांचे आई, वडील आणि बहीण आधीच्या एका दुष्काळाने नेली होती, भूक त्यांनी स्वतः काढली होती. आणि केडगावला नव्या मुलींना न्हाऊमाखू घालणं, शिकवणं, सांभाळणं यात मोठा वाटा आधी आलेल्यांचा होता. शारदा सदनात शिकलेल्या मुली तिथे शिक्षिका झाल्या, मेट्रन झाल्या. नव्या माणसाला जागा करून देण्याचं काम तिथल्याच माणसांनी केलं.

आमच्या बालगृहात हे काम मावशी करतात. पहिल्या शनिवारी मी वह्या, स्केचपेन, खेळांची यादी असं सगळं घेऊन गेले होते. मावशींनी ते बाजूला ठेवून घेतलं आणि वाळलेल्या कपड्यांचा ढीग माझ्यासमोर आणला. घड्या घाला म्हणाल्या. प्रत्येक कपड्यावर आत लाल दोऱ्याने नंबर शिवलेला. सतराचा फ्रॉक सतराच्या गठ्ठ्यात, नऊचा नऊच्या. तो ढीग मावशींनी एकटीने अर्ध्या वेळात संपवला असता, हे मला त्यांचे हात बघून कळलं. मग मला का दिला?

उत्तर १६व्या वचनात आहे. बवाज आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून काही कणसं मुद्दाम काढून टाका, तिला वेचू द्या, तिला बोलू नका. मावशींनी माझ्यासाठी कणसं टाकली होती. त्या ढिगापाशी बसल्यामुळे मुली एकेक करून आल्या. कोणी आपला नंबर दाखवला. एकीने न बोलता आपला निळा कुर्ता शोधून गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवला, कारण दुसऱ्या दिवशी उपासनेला तिला तोच घालायचा होता. कोणाला काय आवडतं, कोणाची बाही उसवलीय, कोणाचा फ्रॉक आखूड झालाय, हे मला कपड्यांनी सांगितलं. स्केचपेन काढायची वेळ पुढे आपोआप आली, ऑगस्टमध्ये.

आता खरी अवघड गोष्ट. आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, तुमचे किती शनिवार?"

तिला हिशेब माहीत आहे. कॉलेजच्या सर्टिफिकेटसाठी येणाऱ्यांचे शनिवार ठरलेले असतात. त्या क्षणी जिभेवर येतं ते असं : अगं, मी कायम येणार, मी तुझी मोठी बहीणच आहे. हे वाक्य बोलायला फार गोड लागतं. रूथनेही मोठं वचन दिलंय की, पहिल्या अध्यायात, मरेपर्यंत साथ देण्याचं! पण नीट वाचा. ते तिने दिलं नामीला, जिच्या घरात तिने संसार केला, जिच्यासोबत नवऱ्याचं मरण सोसलं. बवाजाच्या शेतावर तिने कोणालाही असं वचन दिलेलं नाही. तिथे ती फक्त सकाळी हजर झाली. मग पुन्हा हजर झाली. अध्यायाचं शेवटचं वचन सांगतं की सातूचा आणि गव्हाचा हंगाम संपेपर्यंत ती त्या बायकांबरोबर वेचत राहिली.

ज्या मुलीला आधीच कोणीतरी सोडून गेलंय, तिच्यापुढे "कायम" हा शब्द वापरायचा अधिकार मला नाही. माझा प्रोजेक्ट मार्चपर्यंत इथे आहे. मी तिला तेवढंच सांगितलं. मार्चपर्यंत नक्की, त्यापुढचं फेब्रुवारीत सांगेन, न सांगता जाणार नाही. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवत शनिवार मोजले. मग म्हणाली, "नाताळातला पण?" मी म्हटलं, तो सोडून, तेव्हा मी आजीकडे असते. तिने तो शनिवार वगळला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

प्रार्थना करू या.

प्रभू येशू, ज्या मावशी आज रात्रीही तापाने फणफणलेल्या एखाद्या लेकराच्या उशाशी जाग्या आहेत, त्यांना बळ दे. आमच्या शहरातल्या प्रत्येक बालगृहात आज पहिल्यांदा झोपणाऱ्या मुलाजवळ तू बस. आणि येत्या शनिवारी पाऊस असो, रिलीज असो, मला साडेनऊला त्या फाटकाशी पोहोचव. आमेन.