कोंडाण्याला वाटाड्या हवा

रोमचं कॉलोसियम इसवी सन ८० मध्ये लोकांना खुलं झालं. त्या वेळी कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांतला चैत्य खोदून झाल्याला शंभरएक वर्षं उलटली असावीत. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक असा धरतात. ज्युलियस सीझर ज्या शतकात होऊन गेला, त्याच शतकात राजमाचीच्या पोटात, उल्हास नदीच्या वरच्या अंगाच्या रानात, कुणीतरी काळ्या कातळाला छिन्नी लावली. हे दोन्ही अवशेष बघायला मराठी माणूस जातो. पण तो कसा जातो आणि तिथे जाऊन काय करतो, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रोमला गेलेली आपली माणसं फार मन लावून बघतात. पंधरा-वीस जणांचा गट, कानात ऐकायचं यंत्र, आणि पुढे हात उंच करून चालणारा तिथला वाटाड्या. तो थांबला की सगळे थांबतात. फोरममधल्या टायटसच्या कमानीखाली तो आतल्या भिंतीकडे बोट करतो, आणि त्या झिजलेल्या कोरीवकामात एकदम सात फाट्यांची दीपमाळ दिसू लागते. सन ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर लुटून आणलेला ऐवज मिरवत निघालेली ती रोमन मिरवणूक असते. पाँपेईच्या गल्लीत तो फरसबंदीतल्या खोल चाकोऱ्या दाखवतो. मग रस्त्यात आडवे ठेवलेले उंच दगड दाखवतो, ज्यांवर पाय देऊन माणसं रस्ता ओलांडत आणि ज्यांच्या मधल्या फटींतून गाडीची चाकं जात. कुणी दाखवल्याशिवाय यातलं काही दिसत नाही. नवख्या डोळ्यांना सगळ्या पडक्या भिंती सारख्याच. इटलीत हे काम हौसेवर सोडलेलं नाही. वाटाड्याला परीक्षा द्यावी लागते, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्यासाठी देशभर लागू होणारा स्वतंत्र कायदाही झाला. पाँपेईत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला वीस हजारांहून जास्त माणसं आत सोडत नाहीत.

आता पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी कोंडाण्याला या. कर्जतहून कोंदिवड्याला रिक्षा, तिथून पुढे चिखलाची चढाची पायवाट. लेण्यांच्या कपाळावरून धबधबा कोसळत असतो आणि त्याखाली चाळीस-पन्नास जणांचे गट एकामागून एक येऊन भिजत असतात. गटाच्या म्होरक्याजवळ शिट्टी असते, दोर असतो, माणसं मोजायची शिस्त असते, आणि त्या निसरड्या वाटेवर ती हवीच. या मुलांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण लेण्याबद्दल त्यांच्याकडे सांगायला वाक्य दीड वाक्य असतं: बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. त्यानंतर फोटो. चैत्याच्या कमानीत उभं राहून लोक बाहेर बघतात, पाण्याकडे. आत कुणी बघत नाही.

आत बघण्यासारखं काय आहे? चैत्य सुमारे वीस मीटर खोल आहे आणि आठ मीटर रुंद. बरेच खांब पाण्याने आणि काळाने खाल्लेत, मागचा स्तूप ढासळलेला आहे. घाईने पाहिलं तर भग्न गुहा, एवढंच दिसतं. पण दर्शनी भागासमोर जरा वेळ उभं राहावं. कमानीभोवती आणि तिच्यावर दगडात कोरलेले कठडे आहेत. उभ्या दांड्या, त्यांत ओवलेल्या आडव्या पट्ट्या, पट्ट्यांची टोकं गोलसर. दगडाला असल्या सांध्याची गरज नसते. हा सांधा सुताराचा आहे. शेजारच्या विहाराच्या छताकडे मान वर केली की तिथेही तुळया आणि वासे कोरलेले. त्या तुळयांवर कसलाच भार नाही, सगळा डोंगर आपला आपणच उभा आहे. लाकडी इमारती बांधणाऱ्या हातांनी त्यांची आठवण दगडात उतरवली. कोकण आणि देशावरच्या शहरांतल्या त्या काळच्या लाकडी माड्या, सज्जे, कमानी यांतलं काही उरलेलं नाही; त्यांचा चेहरा आपल्याला कळतो तो अशा लेण्यांवरून. कमानीच्या वरच्या पट्ट्यात जोडप्यांची शिल्पं आहेत, एकमेकांच्या अंगाला अंग लावून नाचाच्या पवित्र्यात उभी राहिलेली. भिक्खूंच्या प्रार्थनागृहाच्या दारावर ही जोडपी का, हा प्रश्न तिथे उभ्या राहिलेल्या कुठल्याही कॉलेजच्या पोराला पडेल. त्याचं उत्तर देणारं कुणीतरी शेजारी असायला हवं.

आणि मग डावीकडचा तो मुखवटा. माणसाच्या डोक्यापेक्षा बराच मोठा, बारकाईने कोरलेल्या शिरोभूषणाचा, चेहरा फुटलेला. एका प्रचंड यक्षमूर्तीचा एवढाच भाग उरला आहे. त्याच्या शेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ आहे: कण्हाचा शिष्य बलक याने केलं. एवढंच. राजाचं नाव नाही, दान किती दिलं त्याचा हिशेब नाही. कार्ल्याच्या खांबांवर देणगीदारांची नावं दाटीने कोरलेली आहेत. धेनुकाकट गावच्या यवनांचीही, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या किंवा त्यांच्या वंशातल्या माणसांची, नावं त्यांत आहेत. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची टाकी दान दिल्याचं लिहिलं आहे. पैसे देणाऱ्यांची नावं अशी पुष्कळ मिळतात. ज्याने स्वतःच्या हाताने काम केलं त्याचं नाव, आणि सोबत त्याच्या गुरूचंही, हे फार विरळा. कर्जत तालुक्यातल्या शाळेच्या मुलाला हे नाव माहीत नसावं, याची मला खंत वाटते.

ती ओळ वाचायला माणसांना जवळ यावं लागतं. ऊन तिरपं असेल तर अक्षरं उठून दिसतात, डोक्यावरच्या उन्हात सपाट होतात. आठ-दहा माणसं असतील तर सगळ्यांना आळीपाळीने पुढे घेऊन एकेका अक्षरावरून बोट हवेत फिरवून दाखवता येतं, दगडाला न शिवता. पन्नास जणांना ते शक्य नाही. मग वाटाड्या मोठ्या आवाजात सांगतो, मागचे ऐकत नाहीत, पुढचे दगडावर हात टेकतात. गट लहान हवा ही चैनीची मागणी मुळीच नाही. अवशेष नावाची गोष्टच अशी आहे की ती हातभर अंतरावरून समजते.

वाटाड्या असणं पुरेसं नाही, तो खरं बोलणारा हवा. आपल्याकडे कुठल्याही लेण्याची गोष्ट पांडवांपाशी येऊन थांबते: एका रात्रीत खोदलं, कोंबडा आरवला, काम अर्धं राहिलं. नाशिकच्या लेण्यांना तर नावच पांडवलेणी पडलं. गावातल्या म्हाताऱ्याने ही गोष्ट सांगितली तर वाटाड्याने ती हसण्यावारी नेऊ नये. भिक्खू निघून गेले, दान देणारे व्यापारी संपले, लिपी वाचणारं कुणी उरलं नाही. तरीही इतकं मोठं काम माणसाच्या आवाक्यातलं नाही, हे आश्चर्य लोकांनी शेकडो वर्षं जपलं. गोष्ट त्या आश्चर्याची आहे. ती सांगून झाली की बलकाच्या ओळीकडे न्यावं, म्हणजे ते माणसाच्या आवाक्यातलं होतं हे कळतं.

दुसरा मोह शिकलेल्या वाटाड्याचा. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याला एक यक्षमूर्ती सापडली. तिच्या तळहातावर कण्हदास नावाच्या सोनाराने ती केल्याचं कोरलेलं आहे. कोंडाण्याच्या बलकाचा गुरू कण्ह, पितळखोऱ्याचा कण्हदास. दोन्हीकडे यक्ष, काळही जवळचा. मग तोच हा, असं म्हणून टाळ्या घ्यायचा मोह कुणालाही होईल. चांगला वाटाड्या दोन्ही नावं शेजारी ठेवतो, साम्य दाखवतो आणि सांगतो की यापुढे पुरावा जात नाही. ऐकणाऱ्याला तेवढ्याने विचार करायला जागा मिळते, आणि सांगणाऱ्यावरचा त्याचा विश्वास वाढतो.

कोंडाण्यापासून खोऱ्यापलीकडे असलेल्या माथेरानचं काय? पूर्वेकडच्या कुठल्याही पॉइंटवर उभं राहिलं की खाली उल्हासचं खोरं पसरलेलं दिसतं आणि पलीकडे सह्याद्रीची भिंत. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या पुस्तकात कल्याण बंदराचं नाव आहे, आणि तिथे एके काळी उघडपणे चालणारा व्यापार पुढे अडवला गेल्याची तक्रारही आहे. कल्याण-सोपाऱ्याहून निघालेला माल याच खोऱ्यातून घाटाकडे जाई. वाटेत मुक्कामाची, पाण्याची, आसऱ्याची ठिकाणं म्हणजे ही लेणी: कोंडाणे, अलीकडे आंबिवली, घाट चढून कार्ले, भाजे, बेडसे, पुढे जुन्नर. इंग्रजांनी बोरघाटातून रेल्वे नेली तीही याच खोऱ्यातून. पाँपेईच्या एका घरात १९३८ मध्ये हस्तिदंताची भारतीय बाई सापडली, दागिन्यांनी मढलेली, वीतभर उंचीची. सन ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेत ती गाडली गेली होती. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचं साम्य अनेक अभ्यासकांनी दाखवलं आहे. उलट बाजूने कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती आली. रोमचे अवशेष बघून थक्क झालेल्या माणसाला ही देवाणघेवाण ज्या वाटांनी झाली त्यांतली एक वाट माथेरानच्या कठड्यावर कोपर टेकून बघता येते. पण तिथे त्याला कुणी सांगत नाही.

माथेरानला सांगणारे नाहीत असं मात्र नाही. घोडेवाले आहेत, आणि त्यांच्यातले जुने लोक जंगल, पाणी, पाऊस यांबद्दल बरंच काही जाणतात. पण त्यांच्या तोंडी बसलेली फेरी सात पॉइंट, बारा पॉइंट अशी ठरीव आहे आणि इतिहास १८५० मध्ये सुरू होतो: ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी माथेरानचा शोध लावला. त्याआधी या डोंगरावर ठाकर, कातकरी, धनगर वावरत होते. मॅलेटला वर चढायला वाट होती ती त्यांच्यामुळे. खालचं खोरं तर मॅलेटच्या आधी दोन हजार वर्षं वाहतं होतं. पॉइंटांची इंग्रजी नावं राहू द्यावीत, तोही इतिहासच आहे. त्या नावांच्या मागे जायला वाटाड्याला कुणी शिकवलं पाहिजे.

मर्यादा पाळून पर्यटन चालतं, हे याच डोंगराने दाखवून दिलंय. फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान आणि भोवतालचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. बाहेरच्या गाड्या दस्तुरी नाक्याला थांबतात. लोकांनी ते मान्य केलं आणि यायचे थांबले नाहीत. मग कोंडाण्याच्या दर्शनी भागापुढे एका वेळी दहाच माणसं, आणि सोबत वाटाड्या, हे का जमू नये? कोंडाणे केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. तेवढं ठरवायला वेगळ्या अधिकाराची गरज पडू नये.

यावर एक आक्षेप मला वजनदार वाटतो. अवशेषांपाशी एकट्याने जावं, शांत बसावं, कुणी कानाशी बडबडू नये, असं म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचं खरं आहे. मीही अशा ठिकाणी गप्प बसणारीच आहे. पण ती शांतता ज्याला आधीपासून काही माहीत आहे त्याला लाभते. बलक कोण हे ठाऊक असलेला माणूस त्या मुखवट्यापुढे तासभर बसेल. ज्याला ठाऊक नाही त्याला पाच मिनिटांत कंटाळा येतो आणि तो धबधब्याकडे वळतो. त्याला दोष देता येत नाही. चांगला वाटाड्या सांगायचं ते सांगून बाजूला होतो आणि लोकांना मोकळं सोडतो. आपल्याकडे ही रीत नवी नाही. गो. नी. दांडेकर तरुण पोरांना घेऊन गडांवर हिंडत तेव्हा हेच करत. याच लेण्यांच्या वरच्या राजमाचीला मराठी वाचक ओळखतो तो त्यांच्या ‘माचीवरला बुधा’मुळे. एका लेखकाने एक माची घराघरांत नेली. खालच्या लेण्यांच्या वाट्याला तसं कुणी आलं नाही.

मग हा वाटाड्या आणायचा कुठून? माझ्या मते कोंदिवडे आणि आसपासच्या वाड्यांतूनच. रानवाट त्यांची, पावसात कुठला ओढा केव्हा फुगतो हे त्यांना ठाऊक. वर राजमाचीच्या उधेवाडीत घरोघरी ट्रेकर्सच्या जेवणाची-मुक्कामाची सोय होते, म्हणजे पाहुणा सांभाळायचा सराव या डोंगराला आहे. ब्राह्मी ही काही दुर्बोध लिपी नाही. मन लावून शिकणाऱ्याला काही आठवड्यांत अक्षरं लागू लागतात. बारावी झालेल्या ठाकर मुलीला बलकाची ओळ वाचायला शिकवता येईल, कठड्याचे सांधे ओळखायला शिकवता येईल. ते शिकवणं पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी अंगावर घ्यावं. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांपासून हे ठिकाण दोन-तीन तासांवर आहे.

आणि तिला पैसे मिळायला हवेत, रोजच्या मजुरीपेक्षा चांगले. इथे आपण सगळेच कमी पडतो. रोममध्ये वाटाड्याचे पैसे सहलीच्या रकमेत धरलेले असतात, म्हणून ते आपल्याला जाणवत नाहीत. गावातल्या मुलीने तासाचे पैसे मागितले की जंगलात कसले पैसे, असं वाटतं. हिशेब अवघड नाही. दहा जणांच्या गटाने माणशी शंभर रुपये दिले तर दीड तासाचे हजार होतात, आणि गावच्या शाळेची मुलं आली तर तिने ती फुकट न्यावीत, इतकी मुभा त्या हजारातून राहते. पावसाळ्यात आतला ओलावा आणि बाहेरची गर्दी बघता दर्शनी भाग लांबूनच दाखवावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे खरे महिने, आणि त्यांत तिरपं ऊन असतं ती वेळ. ती कुठली, हे रोज तिथे जाणारी मुलगीच ठरवेल.