नामधारी राजा व लोकांचें कुतूहल

‘राजा बोले, दळ हाले’ ही आपली जुनी म्हण इंग्लंडच्या राजास आज लागू पडत नाहीं. तेथें दळ हालतें तें प्रधानमंडळाच्या शब्दानें. पार्लमेंटच्या उद्घाटनप्रसंगीं राजा जें भाषण वाचतो, तेंही त्याच मंडळानें लिहून दिलेलें असतें. वॉल्टर बॅजट यानें १८६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत अशा राजाचे हक्क तीनच सांगितले: सल्ला विचारला जाण्याचा, उत्तेजन देण्याचा व इशारा देण्याचा. सत्ता गेली, आणि मागें उरलें तें एक कुटुंब. त्याचीं लग्नें, बारशीं व भांडणें हाच आतां लोकांच्या चर्चेचा विषय होऊन बसला आहे.

या कुटुंबाविषयीं सर्व कांहीं जाणण्याचा लोकांस अधिकार आहे काय? ‘तें आमच्या पैशावर जगतें, म्हणून आहे,’ असें उत्तर पुष्कळ देतात. त्यांत अर्धेंच सत्य आहे. पैशाचा हिशेब मागणें रास्तच होय, व तो दरवर्षीं प्रसिद्धही होतो. राजवंशांतील कोणाच्या हातून दुर्वर्तन घडलें, तर त्याचें पद ही त्याची ढाल होतां कामा नये. परंतु न्यायाधीशही सरकारी वेतनावरच जगतो. म्हणून त्याच्या पत्नीचें दुखणें कोणी चव्हाट्यावर मांडीत नाहीं. शिवाय न्यायाधीशानें आपलें पद स्वतः पत्करलेलें असतें. राजपुत्रास तें जन्मानेंच चिकटतें. तें सोडून दूर गेलें तरी सुटका नसते, हें १९३६ सालीं आठव्या एडवर्डला व २०२० नंतर प्रिन्स हॅरीला कळून आलें.

येथें दोन उदाहरणें ताडून पाहण्याजोगीं आहेत. १९३६ सालीं एडवर्डच्या नियोजित विवाहाची चर्चा अमेरिकन पत्रांत कित्येक महिने चालू होती. इंग्लिश पत्रें मात्र डिसेंबर उजाडेपर्यंत मौन धरून राहिलीं, आणि ११ डिसेंबरला राजत्याग होऊन गेलाही. प्रश्न सिंहासनाचा होता, पण प्रजेला तो शेवटच्या आठवड्यांत कळला. याच्या उलट, २०२४ च्या आरंभीं वेल्सची राजकन्या केट शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवडे दिसली नाहीं, एवढ्यावरून जगभर तर्ककुतर्कांना ऊत आला. अखेर २२ मार्चला तिनें स्वतःच आपणांस कर्करोग झाल्याचें सांगितलें. मुलांना हें समजावून देण्यास वेळ लागला, असेंही ती म्हणाली. पहिल्या प्रसंगीं बोलावयास हवें होतें, तेथें मौन पाळलें गेलें; दुसऱ्या प्रसंगीं मौन हाच धर्म होता, तेथें सारे बोलत सुटले.

आमच्या मतें कसोटी एकच: ही गोष्ट कळल्यानें नागरिक या नात्यानें माझ्या कर्तव्यांत कांहीं फरक पडतो काय? पडत नसेल, तर तें निव्वळ परक्याच्या घरांत डोकावणें होय. आपला या राजघराण्याशीं असलेला प्रजेचा संबंध १९५० सालींच संपला. तरी त्याच्या कलहांच्या वार्ता आपल्याकडे आवडीनें वाचल्या जातात. दूरच्या राजवाड्यांत डोकावण्यास सरावलेली नजर शेजाऱ्याच्या दारापाशीं येऊन थांबेल, असें मानण्यास आधार नाहीं.

जन्मसिद्ध राजपद ज्यांना अन्याय्य वाटतें, त्यांनीं तें नष्ट व्हावें म्हणून उघड वाद करावा. तो मार्ग सन्मानाचा आहे. पण राजाला सिंहासनावर ठेवावयाचें, त्याच्या हातची सत्ता काढून घ्यावयाची, आणि त्या मोबदल्यांत त्याच्या घरचीं दुःखें करमणुकीसाठीं मागावयाचीं, हा सौदा कोणत्याही स्वतंत्र प्रजेस शोभत नाहीं.