कुंभाराचे निरोप

एका गावात एक कुंभार होता. त्याची बायको वारली तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. दोन वर्षांनी कुंभाराने एका विधवेशी पाट लावला. तिच्याबरोबर तिची लहान मुलगीही या घरात आली.

त्या दिवशी पाहुण्यांनी मुलाला पुढे ढकललं. म्हणाले, "हिला आई म्हण." मुलगा गप्प उभा राहिला. पाहुणे जेवून आपापल्या गावी गेले. हाकेचा प्रश्न मात्र घरातच राहिला.

गोष्टीतली सावत्र आई दुष्ट असते. ही तशी नव्हती, आणि मुलगाही हट्टी नव्हता. दोघं एकमेकांशी बोलत नसत, एवढंच. जे सांगायचं ते कुंभाराला सांगत आणि कुंभार ते पोचवी. पण माणूस भिडस्त. कुणाला लागू नये म्हणून तो निरोपातलं थोडं थोडं गाळी.

बाई म्हणे, "पोरगा उन्हात माती खणायला जातो. उपाशी पोटी भोवळ येईल. आधी भाकरी खाऊ दे." कुंभार मुलाला सांगे, "जेवून जा म्हणते ती." मुलाला वाटे, ही हुकूम सोडते.

मुलगा म्हणे, "भाकऱ्या दोनच द्यायला सांगा. तिसरी उरते नि वाया जाते." कुंभार बाईला सांगे, "दोनच दे त्याला." बाईला वाटे, माझ्या हातचं याला गोड लागत नाही.

दाराशी मुलाच्या आईचा रांजण होता. त्याच्या बुडाला चीर गेली होती. ती आईनेच चुना आणि गूळ लावून बुजवली होती. एकदा मुलगा बापाला म्हणाला, "त्यांना सांगा, आईचा रांजण जागचा हलवू नका. बुडाची चीर उकलेल." कुंभाराला वाटलं, पहिलीचं नाव काढलं तर हिला लागेल. त्याने हा निरोप दिलाच नाही.

पाडवा आला. बाई घर सारवायला निघाली. तिने रांजण रिकामा केला आणि कडेला सरकवला. बूड तिथेच राहिलं, रांजण हातात आला.

मुलाने येऊन खापरं पाहिली. मुद्दाम फोडला, असं त्याने मनात धरलं. दोन दिवस तो नीट जेवला नाही. बाई चुलीपाशी बसून डोळे पुसत राहिली. कुंभार दोघांच्या मधे येरझाऱ्या घालत होता, पण आता त्याच्याकडे कुणी निरोपच देईना.

शेवटी लहानगीने विचारलं, "आई, रांजण हलवू नका म्हणून दादाने आबांना सांगितलं होतं. मग तू का हलवलास?"

सगळ्यांनी कुंभाराकडे पाहिलं. कुंभाराने मान खाली घातली.

बाई पहिल्यांदाच मुलाकडे वळली. "मला हे कुणी सांगितलं नाही रे. तू का नाही सांगितलंस?"

मुलगा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाला, "तुम्हाला हाक काय मारायची तेच कळत नव्हतं."

बाईला रडता रडता हसू आलं. "मग नको मारूस हाक. तुझ्या आबांना तरी मी कुठं नावाने हाक मारते? नुसतं 'ऐका' म्हण. मी ऐकेन."

वैशाख लागला. अक्षय्य तृतीया जवळ आली होती. करे, केळी, मडकी अंगणभर वाळत होती. कुंभार बाजाराच्या गावी गेला होता. दुपार कलली, धुळीचा लोट उठला आणि वळवाचं आभाळ भरून आलं. कच्च्या मडक्यावर पाऊस पडला की त्याचा चिखलच होतो.

"ऐका!" मुलगा ओरडला. "मडकी आत घ्या! ओली आहेत त्यांना काठाला धरू नका, बुडाखाली हात घाला!"

"जड ती तू उचल!" बाई धावतच म्हणाली. "छोटे, दार धर!"

कुंभार मधे नव्हता, म्हणून शब्दाला उशीर झाला नाही.

संध्याकाळी कुंभार भिजत, धापा टाकत घरी आला. अंगणात पाणी होतं आणि मडकी पडवीत नीट मांडलेली होती. बाई आणि मुलगा मोठमोठ्याने भांडत होते. एक केळी फुटली होती, ती कुणाच्या हातून फुटली यावर वाद चालला होता. कुंभार उंबऱ्यावर टेकला आणि हसू लागला.

रात्री जेवताना मुलगा सवयीने म्हणाला, "आबा, त्यांना सांगा, कालवण तिखट झालंय."

कुंभार म्हणाला, "ती चुलीपाशीच बसलीय."

निरोप परगावच्या माणसाला धाडावा. घरातल्या माणसाशी आपल्या तोंडानेच बोलावं.