दुरुस्तीनंतरचं स्टिअरिंग

॥ श्रीसद्गुरुभ्यो नमः ॥



परवा खंडेनवमी. आपल्या बेळगावात त्या दिवशी सायकलपासून ट्रकपर्यंत सगळ्या गाड्या धुऊन पुसून रस्त्याकडेला उभ्या असतात. बॉनेटवर कुंकवाची बोटं, समोर झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. आपल्या सत्संग परिवारात ट्रकवाली घरं बरीच आहेत. कुणी भाजी भरून चोर्ला घाटातून गोव्याला जातं, कुणी हायवेने कोल्हापूर-पुण्याकडे. म्हणून या वेळचं चिंतन ट्रकच्या स्टिअरिंगवर करायचं असं आम्ही भगिनींनी ठरवलं. हसू नका हं, शेवटपर्यंत वाचा!

कठोपनिषदात शरीराला रथ म्हटलं आहे. बुद्धी हा सारथी, मन हा लगाम, इंद्रियं म्हणजे घोडे आणि आत बसलेला आत्मा हा रथाचा स्वामी. आज घोडे गेले, इंजिन आलं. लगामाच्या जागी स्टिअरिंग आलं. पण प्रश्न तोच राहिला: गाडी आपल्या म्हणण्याप्रमाणे वळते का?

*शक्ती कुणाची, दिशा कुणाची?*

भरलेल्या ट्रकच्या पुढच्या चाकांवर कित्येक टनांचा भार असतो. तो नुसत्या हातांनी वळवायचा म्हणजे ड्रायव्हरचे खांदे निघायचे. म्हणून इंजिनावर एक पंप असतो. तो दाबाने ऑइल स्टिअरिंग बॉक्समध्ये पाठवतो आणि ते ऑइल चाकं वळवायला जोर लावतं. यालाच आपण पॉवर स्टिअरिंग म्हणतो.

यातली गंमत बघा. पंप सतत फिरत असतो, ऑइलही सतत फिरत असतं, पण ते आपणहून गाडी वळवत नाही. ड्रायव्हरने स्टिअरिंग जरासं फिरवलं की बॉक्समधला व्हॉल्व त्या बाजूला उघडतो आणि मग जोर मिळतो. डावीकडे फिरवलं तर डावीकडे, उजवीकडे तर उजवीकडे. जोर ऑइलचा, दिशा मात्र ड्रायव्हरची.

गुरुकृपेचंही असंच आहे. कृपा वाहतेच आहे. पण आपण हात जोडून नुसते बसलो आणि “महाराज, तुम्हीच वळवा” म्हणालो, तर व्हॉल्व उघडायचा कसा? भगवंतांनी अर्जुनाच्या रथाचे लगाम हातात घेतले, तरी गांडीव अर्जुनालाच उचलावं लागलं.

*दुरुस्ती झाली, तरी जड का?*

आता मुख्य विषय. आपल्या परिवारातल्या एका बंधूंनी हा अनुभव सत्संगात सांगितला आणि नाव न घालता लिहायला परवानगी दिली.

त्यांच्या ट्रकचं स्टिअरिंग बॉक्स गळत होतं. एका ठिकाणी सील बदलून घेतले, एक पाइप नवा टाकला. बिल भरलं, गाडी घेतली. पहिल्याच फेरीत स्टिअरिंग कधी हलकं, कधी एकदम जड. वळताना पंपाचा कण्हल्यासारखा आवाज. घाट न उतरता त्यांनी गाडी परत फिरवली. याबद्दल त्यांचं आम्हाला खरोखर कौतुक वाटतं. अंगारा लावून जड स्टिअरिंगने घाट उतरणं ही श्रद्धा नव्हे. पंपाचा जोर गेला तरी दांड्यांची जोडणी शाबूत असेल तर चाक वळतं, पण फार ताकद लागते आणि वळणावर तेवढा वेळ मिळत नाही.

दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी नेली. हे रागातच म्हणाले, “पैसे पाण्यात गेले. पंपच नवा टाका.” मिस्त्री म्हणाले, “मालक, पंप ओरडतोय म्हणजे पंप गेला असं नाही. आधी बघू तर द्या.”

त्यांनी आधी टायरमधली हवा बघितली, कारण पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड लागतं. मग ऑइलच्या डब्याचं झाकण उघडलं. आतलं ऑइल घुसळलेल्या ताकासारखं फेसाळ आणि फिकट झालेलं! इंजिन बंद केल्यावर डब्यातलं ऑइल वर चढलं. मिस्त्री म्हणाले, “एअर धरलीय.”

म्हणजे पंप चांगला, बॉक्स चांगला, सीलही नवे. दुरुस्तीसाठी पाइप उघडले तेव्हा आत हवा शिरली, आणि ती बाहेर काढायची राहून गेली. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून ते जोर पोचवतं. हवा मात्र दाबली जाते, सगळा जोर स्वतःच गिळते.

*डोक्यात हवा*

आपल्या मराठीत किती नेमका शब्द आहे! माणसाच्याही डोक्यात हवा जाते. आणि ती कधी जाते? बिघडलेला असताना क्वचितच. सुधारल्यावर जाते.

याच बंधूंनी पुढे जे सांगितलं ते ऐकून सभेत सगळे गप्प झाले. अनुग्रह घेतल्यावर त्यांनी दारू सोडली होती. आठ महिने थेंब नाही. तरी घर जड झालं होतं. आधी पिऊन ओरडायचे, आता न पिता ओरडायला लागले. “मी एवढं सोडलं, तुम्ही काय सोडलं?” हे रोजचं वाक्य. मुलगा समोर यायचा बंद झाला. ताई तर म्हणाल्या, “पीत होते तेव्हा निदान सकाळी पश्चात्ताप तरी असायचा.” मुलांना घेऊन माहेरी जायचं त्यांनी मनाशी ठरवलंही होतं.

दुरुस्ती खोटी होती का? नाही. दारू खरोखर सुटली होती. पण सोडल्याचा अभिमान आत शिरला होता, आणि सगळी कृपा, सगळा जप तोच गिळत होता.

उपवास, पारायण, वारी, शिबिर… आपण जे जे चांगलं करतो त्याच वेळी हवा शिरायला वाट होते. सासूबाई जपाला बसल्या की घरात कुणी भांडं वाजवायचं नाही. सूनबाईंचं पारायण झालं की जावेचं झालं नाही हे चार जणींना सांगायचं. जप वाया गेला नाही हो, फक्त एअर काढायची राहिली.

*एअर कशी काढायची?*

मिस्त्रींनी मागच्या चाकांना उटी लावली, पुढचा भाग जॅकवर उचलून खाली आधार दिले. इंजिन बंद. डब्यात ऑइल पूर्ण भरलं आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगितलं. पुन्हा ऑइल भरायचं, पुन्हा फिरवायचं. कितीतरी वेळ तेच. मग इंजिन नुसतं मंद चालू ठेवून तेच. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. आणि एक ताकीद: टोकाला नेऊन स्टिअरिंग तिथेच दाबून धरायचं नाही. ऑइल तापतं, पंपावर ताण येतो.

यात तीन गोष्टी आहेत. भार उतरवलेला, इंजिन शांत आणि घाई नाही. आपल्यासाठी याचा अर्थ असा: भांडणाच्या मध्यात “मला अहंकार आहे का?” हे तपासता येत नाही. त्यासाठी दिवसातली दहा मिनिटं मौन हवं, हातात मोबाइल नको. तेव्हा स्वतःला दोन्ही टोकांनी फिरवून बघायचं. आज मी काय चांगलं केलं, आणि त्यातलं कुणाला किती वेळा ऐकवलं? पण टोकाला धरून बसायचं नाही. “मी किती वाईट” म्हणून रडत राहणं हाही अहंकारच, फक्त उलट्या बाजूचा.

एअर काढूनही पुन्हा फेस आला तर मिस्त्री डबा ते पंप या पाइपाचा क्लिप तपासतात. ही ओढणारी बाजू. तिथला सांधा सैल असेल तर पंप चालू असताना खाली ऑइलचा थेंबही दिसत नाही, पण बाहेरची हवा आत ओढली जाते. गळती दिसली तर माणूस जागा होतो. ही मात्र दिसतच नाही! आपल्यालाही ज्याची ओढ, तिथूनच हवा शिरते. कुणाला कौतुकाची ओढ, कुणाला सत्संगात पुढच्या रांगेची, कुणाला “तुमच्यामुळेच झालं” या शब्दांची. आपला सैल सांधा कुठला, हे आपणच शोधायचं.

*प्रत्येक जडपणा हवेचा नसतो*

हे मात्र नीट लक्षात ठेवा. चांगला मिस्त्री ऑइलमध्ये फेस नसेल तर एअर काढत बसत नाही. तो ड्रॅग लिंक सोडवून चाकं वेगळी आणि बॉक्स वेगळा करून बघतो. चाकंच जड फिरत असतील तर किंग पिन ग्रीसविना सुकलेला असू शकतो. तिथे पंप बदलून काय होणार? जुना पंप आतून झिजून फुटलेला असेल, तर धातूचा चुरा सगळ्या पाइपांत गेलेला असतो. तो धुऊन, फिल्टर बदलून मगच नवा पंप बसवावा लागतो, नाहीतर नवाही तसाच जातो.

घरातही असंच वेगळं करून बघा. चिडचिड होते, झोप नाही, सारखा थकवा, तर थायरॉइड, साखर, रक्त तपासून घ्या. “तुझा जप कमी पडतो” असं म्हणून कुणा भगिनीला आणखी जड करू नका. दारू अचानक सोडलेल्या माणसाचे हात थरथरले, झटके आले, भास झाले तर तो अहंकार नव्हे, तातडीने डॉक्टरांकडे न्यायची वेळ आहे. सद्गुरूंनी औषध सोडा असं कधीच सांगितलेलं नाही.

आणि इंजिन चालू असताना दाबाच्या पाइपावरून हात फिरवून गळती शोधू नये, हे ट्रकवाल्या सर्व बंधूंना कळकळीने सांगतो. दाबाच्या ऑइलची बारीक धार कातडीतून आत शिरते आणि फार मोठी इजा करते. घरातल्या तापलेल्या माणसाची चूकही लगेच बोट घालून शोधू नये. इंजिन बंद होऊ द्यावं.

*या आठवड्याची साधना*

१. खंडेनवमीला पूजेच्या आधी गाडी तपासा: टायरची हवा, ऑइल, पाइप, ब्रेक. मग माळ घाला.
२. रोज रात्री दहा मिनिटं मौन. आज केलेलं एक चांगलं काम आठवा आणि ते कुणालाही न सांगता सद्गुरुचरणी ठेवा.
३. आपल्या सुधारण्याचा त्रास घरात कुणाला होतो आहे का, हे त्या माणसालाच विचारा. उत्तर ऐकून घ्या, खुलासा करू नका.

त्या बंधूंनी तिसरी गोष्ट मिस्त्रींकडून आल्यावर त्याच रात्री केली. मुलगा बराच वेळ बोलला, हे गप्प बसले. ताई माहेरी गेल्या नाहीत. सगळं एका रात्रीत हलकं झालं असं त्या म्हणत नाहीत. अजून मधेच बुडबुडा येतो, पण आता हे स्वतःच म्हणतात, “थांब, एअर आली.” आणि घर हसतं.

सद्गुरुराया, दिशा द्यायची बुद्धी आम्हाला द्या, जोर तुमचा असू द्या, आणि मधली हवा तेवढी काढून टाका.

घरातल्या वडीलधाऱ्यांना हे मोठ्याने वाचून दाखवावं, ही विनंती. रस्त्यावर असलेल्या सर्व बंधूंचा प्रवास सुखरूप होवो. जय गुरुदेव. 🙏

आपल्याच,
बेळगाव केंद्रातील सेवेकरी भगिनी