परतीचा पत्ता

३० ऑक्टोबर १९९० रोजी वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या तमिळ वाघांनी (एलटीटीई) श्रीलंकेच्या उत्तरेतल्या जाफन्यातल्या मुसलमानांना उस्मानिया महाविद्यालयापाशी जमायला लावलं आणि दोन तासांत शहर सोडायचं फर्मान काढलं. थोडे पैसे आणि कपडे, एवढंच नेण्याची मुभा. अंगावरचे दागिने काढून घेतले, चिमुरड्यांच्या कानातलंसुद्धा सोडलं नाही. त्या महिन्यात श्रीलंकेच्या उत्तर प्रांतातून ७० ते ७५ हजार मुसलमान असे हाकलले गेले. हाकलणारे आणि निघालेले, दोघांचीही मायबोली तमिळच. भाषा माणसांना जोडते हे व्यासपीठावर छान वाटतं. जाफन्यात त्याचा काही उपयोग झाला नाही.

बहुतेकांनी दक्षिणेला पुत्तलमच्या खाडीकाठी आसरा घेतला. नारळाच्या बागांमधून झोपड्या उठल्या, छपराला विणलेल्या झावळ्यांची झापं. कोकणातल्या वाचकाला सांगायला नको, झापं फार टिकत नाहीत. पावसाच्या तोंडावर पुन्हा शाकारणी आलीच. दर शाकारणीला घरातलं कुणीतरी म्हणत असणार, एवढा पावसाळा काढू. असे वीस-वीस पावसाळे गेले. स्थानिकांनी आधी मशिदी आणि शाळा उघडून दिल्या. पुढे पाणी, मजुरी, नोकऱ्या यांवरून कुरबुरी झाल्या. त्यांना दोष देववत नाही. पाहुणचार इतका लांबेल असं त्यांना तरी कुणी सांगितलं होतं?

२००२ मध्ये वाघांच्या नेत्यांनी या हकालपट्टीबद्दल, झाली ती चूक झाली, असं म्हटलं. २००९ च्या मे महिन्यात सरकार आणि वाघ यांच्यातलं युद्ध संपलं. पण युद्धाच्या शेवटी उत्तरेतल्या वन्नी भागातून आलेल्या जवळजवळ तीन लाख लोकांची सोय आधी लावायची होती, त्यामुळे १९९० ची मंडळी सरकारदरबारी ‘जुने विस्थापित’ ठरून मागे पडली. जाफन्यात परतलेल्यांना भिंती सापडल्या. कौलं आणि दारं-खिडक्या केव्हाच गेलेल्या. उत्तर प्रांतातल्याच मन्नारच्या दक्षिणेला, मुसली भागात, तर कमालच झाली. माणूस नाही म्हणून शेतांत रान माजलं, आणि २०१२ मध्ये त्यातलं काही राखीव वन म्हणून जाहीर झालं. आपल्याच जमिनीतली झुडपं तोडणारे परतलेले लोक शेजारचं विल्पत्तूचं अरण्य गिळंकृत करतात, अशी ओरड मग कोलंबोत सुरू झाली. जंगल वाचलंच पाहिजे, यात वाद नाही. पण ते कुणाच्या गैरहजेरीत वाढलं, हे विचारायला नको?

विचारवंत हाना आरेण्ट यांनी १९४३ मध्ये निर्वासितांवर लिहिताना घर गमावणं म्हणजे रोजच्या जगण्यातला सराव गमावणं, असा विचार मांडला होता. या विस्थापित कुटुंबांत त्याची पुढची पायरी दिसते: नवा सराव जडतो, आणि तो घरातल्या सगळ्यांना सारखा जडत नाही. आजीचा सराव जाफन्याचा. नातीचा जन्म, शाळा, मैत्रिणी, सगळं पुत्तलमचं. आजीला परतायचं आहे, नातीला परतायला काही मागे राहिलेलंच नाही. सरकारी कागद मात्र विचारतो, तुमचं कुटुंब कुठलं? उत्तरेत नाव लावलं तर पुत्तलमचं मत जातं. पुत्तलमला ठेवलं तर जमिनीवरचा दावा लुळा पडतो.

तीन दशकं दोन गावांत वाटल्या गेलेल्या कुटुंबाकडून एकच पत्ता मागणं अन्याय्य आहे. जाफन्याचा हक्क देताना पुत्तलमचं नाव कापण्याची अट नको.